मिसळलेला भुसा

माझ्या भावाला फोन तुम्ही केलात. माझ्या पाठीमागे केलात, आणि मिसळलेल्या पिंजऱ्यांचा निकाल मी तुमच्या टेबलावर ठेवल्यानंतर केलात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे "गैरसमज झाला" म्हणायला तुम्हाला जागा उरणार नाही. तो तुमचा लाडका शब्द आहे. लॅबमध्ये कुणाचा प्रयोग फसला की गैरसमज, शोधनिबंधातून कुणाचं नाव गळलं की गैरसमज, कुणी रडत तुमच्या खोलीबाहेर पडलं की तोही गैरसमजच. माझा कसलाही गैरसमज झालेला नाही. येत्या परवा माझ्या भावाचं मोठं आतडं काढायचं ठरलं होतं. आज सकाळी त्याने ते ऑपरेशन रद्द केलं, कारण सर स्वतः म्हणाले, थांबा.

त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी उंदीरखान्याच्या दाराशी एका पायावर उभी होते. आत जायचं तर बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या टोप्या चढवाव्या लागतात. एक चढली होती, दुसरी हातात होती, आणि खिशात फोन थरथरला. दादाचा तसा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. आजारी माणसाचा आवाज खालून येतो, पोटावर हात दाबून काढल्यासारखा. हा वरून येत होता. "उंदीरमामी," तो म्हणाला, "मी सुटलो बघ." काल संध्याकाळी तुमचा फोन आला होता म्हणे. बराच वेळ बोललात. रक्त किती पडतं, जेवण काय जातं, झोप लागते का, सगळं विचारलंत. मग म्हणालात, आतडं एकदा काढलं की काढलं, ते काही परत आणून शिवता येत नाही. आमचं औषध लवकरच माणसांवर सुरू होतंय, तुम्ही तर घरचेच, तुमचं नाव पहिल्यांत घालतो. फक्त आतडं शाबूत हवं. दादा हे सगळं मला तुमच्याच सुरात सांगत होता, मधेमधे थांबत, तुम्ही थांबता तसा. "देवमाणूस आहे गं तुझा साहेब," तो म्हणाला. "आणि तू उठसूट त्याच्या नावाने बोटं मोडतेस."  दाराच्या फटीतून तो वास येत होता, ओल्या भुशाचा, मुताचा, खाद्याच्या गोडसर भुकटीचा. इतकी वर्षं झाली, मला तो वास येईनासा झाला होता, आणि आज एकदम नाकात शिरला. आतडं शाबूत हवं. कसायालाही जनावर जिवंतच हवं असतं, पण तो निदान त्याला घरचं म्हणत नाही.

दादा क्रेन चालवायचा. उंच इमारती बांधतात तिथली. शिडीने वर चढायचं, दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर लोखंड, सिमेंट, काचा हवेतून फिरवायच्या. लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढायचा तोच हा. खाली उभं राहून "आई आली" ओरडायचं काम माझं. केबिनमधून तो मला फोन करायचा. वरून सगळ्यांची गुपितं दिसतात, म्हणायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या गच्चीवर एक टकल्या भिंतीआड उभा राहून सिगरेट ओढतोय, चोरून. कोण गं तो?" ते तुम्ही होतात, सर. आदल्याच आठवड्यात सिगरेट सोडल्याबद्दल आम्ही सगळ्यांनी तुमचं अभिनंदन केलं होतं. मी कुणाला बोलले नाही. माणसाला एखादी भिंत लागते, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्या माणसाने भिंतीआड काय काय केलं असेल.

मग दादाला रक्त पडायला लागलं. आधी मूळव्याध समजून त्याने अंगावर काढलं, नंतर उष्णता समजून, आणि आजाराचं नाव कळलं तोवर मोठ्या आतड्याला आतून जखमाच जखमा झाल्या होत्या. क्रेनच्या केबिनमध्ये संडास नसतो. लघवीपुरती बाटली असते आणि बाकीचं माणसं खाली उतरेपर्यंत धरून ठेवतात. या आजारात धरून ठेवता येत नाही, कळ आली की आली. एका दुपारी गजांची मोळी हवेत टांगलेली असताना त्याला कळ आली. मोळी खाली ठेवल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांच्या कामाचा धर्म. त्याने ती ठेवली. कुणाच्या डोक्यावरून न नेता, घाई न करता, जिथे ठेवायची तिथेच, अलगद. मग शिडी धरली, आणि अर्ध्या शिडीवर सगळं होऊन गेलं. खाली माणसं वर बघत उभी होती. हे त्याने मला एकटीला सांगितलं, वहिनीला नाही, आईला नाही. सांगताना म्हणाला, "बरं झालं वर बघत होते. तोंडं तरी मिटून घेतली असतील सगळ्यांनी." असा आहे तो. त्यानंतर तो वर गेला नाही. आता शहरातला एकूण एक संडास त्याला पाठ आहे. कुठला दुकानदार न विचारता किल्ली देतो, कुठे आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं, कुठे कडी लागत नाही. गोळ्यांनी चेहरा फुगून वाटोळा झाला, हातपाय काडीसारखे. रस्त्यात कुठे क्रेन दिसली की तो मान खाली घालतो आणि बुटांची नाडी तपासतो.

तुमच्या लॅबमध्ये मी आले ती यासाठी. नाहीतर माझं त्याआधीचं काम बरं चाललं होतं. मुलाखतीत तुम्ही विचारलंत, आतडंच का? आणि मी, मूर्खासारखी, खरं सांगितलं. तुम्ही उठून स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिलात. दुसऱ्याच दिवशी, ज्यांच्याकडे महिनोन्‌महिने वेळ मिळत नाही त्या आतड्याच्या डॉक्टरांकडे दादाचा नंबर लागला होता, तुमच्या एका फोनवर. त्याचा फोन नंबर तुमच्याकडे आहे तो तेव्हापासून. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर फार सोपं गेलं असतं. तुम्हाला सरळ नालायक म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. पण उपकार म्हणजे गिळलेला काटा असतो, आतल्या आत फिरत राहतो. तुम्ही बैठकीत माझ्या स्लाइड्स आपल्या म्हणून दाखवल्यात तेव्हा मला पाण्याचा ग्लास आठवला. रजा नाकारलीत तेव्हा ग्लास आठवला. आईचा स्वभावच माझ्यात उतरलाय. तिचं एकच पालुपद, मोठी माणसं आहेत, सोसावं. सोसता सोसता तिची पाठ वाकली, आणि वाकलेल्या पाठीवर लोक सामान ठेवतात.

गंमत अशी की सोसणं हाच आमच्या शास्त्राचा विषय आहे. तुम्हीच तर शिकवलंत. आतड्याची आतली भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची. तिच्या एका बाजूला मोजता येणार नाहीत इतके जंतू आणि दुसऱ्या बाजूला शरीराच्या लढणाऱ्या पेशींची सगळ्यात मोठी फौज. त्या फौजेचं रोजचं काम लढणं नाही, न लढणं. अन्न आलं, गप्प बस. ओळखीचे जंतू आले, गप्प बस. हाताची घडी घालून उभी राहिलेली फौज, असं तुम्ही पहिल्या भाषणात म्हणालात आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, कारण मला त्यात दादाचं पोट दिसलं होतं. त्याच्या पोटातल्या फौजेची घडी सुटली आहे. ती स्वतःच्याच भिंतीला आग लावत सुटली आहे आणि तिला घडी परत कशी घालायला लावायची, हे जगात कुणालाही धड माहीत नाही. मायक्रोस्कोपखाली निरोगी आतडं पाहिलं की डोळे निवतात. ओळीने खोल खोल खळगे, प्रत्येकात चिकट द्रव भरलेल्या फुगीर पेशी, वर्गात शिस्तीत बसलेल्या मुलींसारख्या. आणि सुजलेलं पाहिलं की वाटतं इथून मोर्चा गेला, दगडफेक झाली, कुणी काही उचललं नाही. मी दादाच्या तपासणीची स्लाइड एकदा पाहिली आहे. त्याच्या डॉक्टरांनी दाखवली, तुमच्या ओळखीमुळेच. त्यात एकही मुलगी जागेवर नव्हती.

आता भुशाचं सांगते. तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही, पण हे दादासाठी मी मनात इतक्यांदा घोळवलंय की तसंच बाहेर पडणार. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. जगाला किळस येते, आमच्या धंद्यात ते पहिलं सूत्र आहे. लेंड्या खातात म्हणून एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या पोटात सारखेच जंतू होतात. एका ताटात जेवणारी, एका विचाराची माणसं असतात तसे. पिंजरा बदलला की पोट बदलतं. तुमचं औषध आपण पाण्यातून दिलं. बाटली पिंजऱ्याला एकच, त्यामुळे अख्खा पिंजरा औषधवाला किंवा अख्खा साध्या पाण्याचा. आणि औषधवाले पिंजरे भरले नव्या खोलीतल्या उंदरांनी, साधे पिंजरे जुन्या खोलीतल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. जागा होती तिथे पिंजरे लावले, इतकंच. मग सगळ्यांना आतडं सुजवणारं रसायन पाजलं. जुन्या खोलीतले उंदीर रक्त हगत मेटाकुटीला आले, नव्या खोलीतले टुणटुणीत राहिले, आणि आपण नाचलो. मीही नाचले. सुजलेलं आतडं आखडतं. ओल्या कागदावर काढून पट्टीशेजारी ठेवलं की लहान झालेलं दिसतं. औषधवाल्यांची लांबच लांब, साध्यांची आखूड. ते छायाचित्र तुम्ही गावभर दाखवलंत. वर्तमानपत्रात आलं, दादाने कापून फ्रिजच्या दारावर लावलं. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आपण उंदीर पोखरून डोंगर काढला.

मला खटकलं ते एका साध्या गोष्टीवरून. नव्या खोलीतला एक पिंजरा उरला होता, औषध न दिलेला, फाजील म्हणून मागे ठेवलेला. त्यांनाही मी रसायन पाजलं, काही खास कारण नव्हतं, वाया जाऊ नये म्हणून. आणि तेही टुणटुणीत राहिले. औषधाचा थेंब पोटात नसताना. म्हणजे फरक औषधाचा नव्हता, खोलीखोलीतल्या जंतूंचा होता. मी पिंजऱ्यासमोर उभी राहिले आणि माझ्या पायाखालची फरशी हलली. मग मी ते केलं जे सुरुवातीलाच करायला हवं होतं. दोन्ही खोल्यांतले उंदीर घेतले, पिंजऱ्यापिंजऱ्यातला मळका भुसा हाताने कालवून सगळीकडे सारखा टाकत राहिले, सगळ्यांची पोटं एकसारखी होईपर्यंत. औषध बाटलीतून नाही, प्रत्येकाच्या तोंडात नळी घालून दिलं, म्हणजे एकाच पिंजऱ्यात निम्मे औषधवाले, निम्मे साधे. त्यांच्या शेपट्यांवर रंगाच्या खुणा केल्या. आणि नळ्या भरायचं आणि कोणत्या रंगाला औषध ते लपवून ठेवायचं काम माझ्या बाजूच्या टेबलावरच्या चष्मेवालीला दिलं, म्हणजे मापताना माझा हात पक्षपात करायला नको. तिने शेवटी खुणा सांगितल्या तेव्हा पट्टीशेजारी मांडलेली आतडी मी पुन्हा पाहिली. सगळी आखूड. औषधवाली, साधी, सगळी. चष्मेवाली म्हणाली, "हे बघ, तुझं चाललंय तसं चालू दे. हे त्यांना दाखवलंस तर तुझं इथलं दाणापाणी संपलं." मग म्हणाली, "आणि नाही दाखवलंस तर तुझ्याशी मी बोलणार नाही." तिच्यासारखी आणखी दोन माणसं असती तर ही लॅब सोन्याची होती.

मी दाखवलं. गेल्या आठवड्यात, भरदुपारी, तुमच्या खोलीत, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. तुम्ही पाहिलंत. हुशार आहात, हे मी कधीच नाकारलेलं नाही. एका क्षणात तुम्ही पळवाट काढलीत, आणि ती इतकी सुंदर होती की मला टाळी वाजवावीशी वाटली. म्हणालात, "अगं, हे तर आपल्या बाजूचं आहे. औषध जंतूंवर काम करतं. औषधवाल्यांच्या लेंड्या साध्यांनी खाल्ल्या, त्यांनाही गुण आला. म्हणून फरक दिसत नाही." आणि खुर्चीत मागे रेललात. मी म्हटलं, सर, गुण आला असता तर सगळे बरे झाले असते. मीच पेढे वाटले असते. सगळे आजारी पडलेत. तुम्ही मी आणलेल्या छायाचित्राकडे परत पाहिलंत. आखूड आतडी, एकाला एक लागून, ओल्या कागदावर. तुमचा अंगठा कागदाच्या कडेवर फिरत होता, सिगरेट नसलेल्या हातासारखा. मग म्हणालात, "भुसा फार मळका झाला असेल. पुन्हा कर. तोवर हे इथेच राहू दे." इथेच म्हणजे त्या खोलीत, त्या अर्ध्या पडद्याआड. मी विचारलं, आणि माणसांवरची चाचणी? तुम्ही म्हणालात, "ती गाडी सुटली, आता मधे कुणी आडवं पडायचं नसतं." मी तुम्हाला खोटारडे म्हणत नाही. खोटारड्याला आपण कुठे खोटं बोललो ते ठाऊक असतं, म्हणून तो कुठेतरी थांबतो. तुमचा त्या औषधावर विश्वास आहे. तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढलंय आणि ते कातडंही माझ्या उंदरांचं.

त्यानंतर तुम्ही दादाला फोन केलात. यातलं मला काय जाळतं ते नीट सांगायला हवं. त्याच्या सर्जनबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, भिंत ओल्या कागदासारखी झालीय, कुठल्याही दिवशी फाटेल आणि फाटली तर मग माझ्या हातात फार उरणार नाही. ओला कागद मला माहीत आहे. सुजलेलं आतडं चिमट्यात धरलं की फाटतं, हलकेच धरलं तरी. आतलं सगळं बाहेर येतं. उंदराचं असतं तेव्हा आपण टिपकागद घेतो, नवीन उंदीर घेतो. हे तुम्हालाही माहीत आहे, माझ्याहून जास्त वर्षं माहीत आहे. तरी तुम्ही म्हणालात, थांबा. कारण आतडं काढलेला माणूस तुमच्या चाचणीत बसत नाही. आणि माझा भाऊ तुमच्या चाचणीत बसला की त्याची बहीण मळक्या भुशाबद्दल तोंड उघडणार नाही, हा हिशेब तुम्ही केलात की नाही, मला माहीत नाही. केला नसेलही. तुमचा हात आपोआप तिकडे गेला असेल. पण एवढं माहीत आहे, की मला हाताची घडी घालून उभं राहायला शिकवणारी सगळी माणसं आज मला एकाच वेळी आठवली, आणि माझे हात सुटले.

मी हातातली बुटाची दुसरी टोपी फेकून दिली आणि निघाले. दादाच्या घराच्या वाटेवर एक नवी इमारत होतेय, तिथली क्रेन उन्हात स्तब्ध उभी होती, जेवणाची सुट्टी असणार. दार वहिनीने उघडलं. तिच्या डोळ्यांखाली झोप साचली होती, पण तिने चांगली साडी नेसली होती. "ताई, बघा ना, चक्क अंघोळ करून बाहेर बसलेत," ती हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर तो पुन्हा आजारी पडेल. फ्रिजच्या दारावर ती लांब आणि आखूड आतडी होती, दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी. दादा संडासाच्या दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. ती त्याची खुर्ची, तिची जागा कुणी बदलत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. लेंड्या, बाटल्या, दोन खोल्या, भुसा. त्याला समजायला वेळ लागला नाही. तोल कुठून ढळला हे शोधणं त्याच्या हाडात आहे. वहिनी मधेच मटकन खाली बसली. तो मात्र हसला, आणि ते हसू मला आवडलं नाही.

"म्हणजे तू म्हणतेस, तो एवढा मोठा माणूस चुकतोय आणि तू बरोबर," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी नाही, उंदीर बरोबर.

"उंदीर." त्याने मान हलवली. "मला आतडं काढून पोटावर मळाची पिशवी नको आहे, उंदीरमामी. पिशवी लावलेल्या माणसाला वर कोण चढू देणार?"

मी म्हटलं, सर्जनबाईंनी सांगितलंय ना, जखम भरली की चढता येईल. आणि पिशवीला कळ येत नाही, दादा. तुला शिडीवर धावावं लागणार नाही. हे बोलले आणि जीभ चावली, कारण शिडीचं वहिनीला माहीत नव्हतं. पण तिने वर पाहिलं ते अशा नजरेने की माझ्या लक्षात आलं, तिला केव्हापासून माहीत आहे. ते कपडे कुणी धुतले असतील, याचा आम्हा दोघा भावंडांनी कधी विचारच केला नव्हता. ती म्हणाली, "मला कुणी काही सांगत नाही, पण मला दिसतं हो सगळं. मला हे जिवंत पाहिजेत. पिशवीसकट, बिनपिशवीचे, कसेही." दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं आवळली होती. रागावला होता, आणि तुमच्यावर रागावता येत नव्हतं म्हणून माझ्यावर रागावला होता. बुडत्याच्या हातातली काडी काढून घेणाऱ्यावर तो रागावणारच. म्हणाला, तुझं तुझ्या साहेबाशी बिनसलंय, ते भांडण माझ्या पोटात लढू नकोस. हे मला लागलं. अजून लागतंय. आणि त्यात एवढंसंही खरं नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकले नाही.  मग तो म्हणाला, "लाव फोन त्याला. माझ्यासमोर लाव. मी काही बोलणार नाही. तू त्याला उंदरांचं विचार. तो म्हणाला बरे झाले, तर मी थांबतो. म्हणाला नाही झाले, तर मी आत्ता बाईंना फोन करतो आणि परवा जातो."

आणि मी फोन लावला. टेबलावर ठेवला, गोळ्यांच्या पाकिटांमध्ये, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. रिंग वाजत होती तेवढ्यात हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, पाण्याच्या ग्लासापासून फ्रिजच्या दारापर्यंत. मग तुम्ही उचललात. "बोल गं," म्हणालात, तोच आवाज, मायेचा, मुलाखतीतला. मी म्हटलं, सर, एकच प्रश्न आहे. मिसळलेल्या पिंजऱ्यांत ज्यांना औषध दिलं, ते उंदीर बरे झाले का? तुम्ही म्हणालात, "हे फोनवर कशाला, उद्या खोलीत ये, नीट बसून बोलू." मी म्हटलं, उद्या नको. बरे झाले का? तुम्ही म्हणालात, "प्रश्न इतका सरळ नसतो." आणि मग तुमचा आवाज जरा खाली आला. "तू कुठून बोलतेयस? तुझ्याजवळ कुणी आहे का?"

आहे. माझा भाऊ आहे. ज्याला तुम्ही घरचा म्हणालात तो. खुर्चीच्या कडेवर बसलाय, कपाळावर घाम आलाय. त्याला कळ आलीय, मला त्याच्या गुडघ्यांवरून कळतंय, वहिनीलाही कळतंय, तिने संडासाचं दार उघडून धरलंय. पण तो उठत नाही. मोळी हवेत असताना तो जागा सोडत नाही, सर. तुम्ही ती खाली ठेवेपर्यंत तो इथेच बसणार आहे, आणि आतली भिंत ओल्या कागदाची आहे. तुमचा श्वास ऐकू येतोय आम्हाला. गच्चीवर नाही आहात तुम्ही आत्ता, आणि मधे कुठलीही भिंत नाही. तो ऐकतोय.

बरे झाले की नाही झाले? सांगा.